दूरस्थ साहाय्य घेताना कर्मचाऱ्याच्या पडद्याची गोपनीयता कशी जपावी?

संगणक_विभाग (सातारा जिल्हा) यांचा प्रश्न

मी एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात काम करतो. संस्थेची मुख्य कचेरी तालुक्याच्या गावी आहे आणि शाळा आसपासच्या गावांत विखुरलेल्या आहेत. प्रिंटर अडला, शालार्थमध्ये वेतनदेयक तयार होत नाही, यू-डायसची (शाळांच्या शासकीय माहितीसंकलनाची) माहिती भरताना पान अडकते, अशा तक्रारी रोज येतात. प्रत्येक वेळी त्या शाळेत जाणे शक्य नसल्यामुळे बहुतेक कामे आम्ही ‘रिमोट घेऊन’, म्हणजे इथूनच त्या संगणकाचा ताबा घेऊन, करतो. त्यासाठी सर्व संगणकांवर दूरनियंत्रणाचे एक सॉफ्टवेअर बसवलेले असून त्याला कायमचा पासवर्ड दिलेला आहे. त्यामुळे समोर कोणी असो वा नसो, इथून केव्हाही जोडता येते. ही व्यवस्था माझ्या नेमणुकीपूर्वी एका बाहेरच्या सेवा पुरवठादाराने उभी केली आणि तो पासवर्ड आजही त्याच्या माणसांकडे आहे.

मध्यंतरी एका शाळेतील वरिष्ठ लिपिक मॅडम स्वतःच्या वैद्यकीय रजेचा अर्ज टाइप करत असताना पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. पुरवठादाराचा माणूस अँटिव्हायरसच्या नूतनीकरणासाठी जोडला गेला होता. त्याने काही वावगे केले नाही, परंतु आधी फोनही केला नाही. अर्जात आजाराचा तपशील होता आणि तो एका अनोळखी माणसाने वाचला असणार, हे त्यांच्या मनातून जात नाही. तेव्हापासून काम संपले की त्या नेटची वायर काढून ठेवतात. ही गोष्ट इतर शाळांत पोहोचल्यावर काही मुख्याध्यापकांनी ‘तुम्ही प्रत्यक्ष या, रिमोट नको’ असे सांगायला सुरुवात केली आहे. मला त्यांची भीती अवाजवी वाटत नाही. माझ्या पडद्यावर असे घडले असते तर मीही हेच केले असते.

दुसऱ्या बाजूला, संस्थेच्या कार्यकारिणीतील एका सदस्यांचे मत असे आहे की संगणक संस्थेच्या मालकीचे आहेत, त्यामुळे कर्मचाऱ्याची परवानगी घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मला हे पटत नाही, पण बैठकीत नुसते ‘पटत नाही’ म्हणून चालणार नाही. तेव्हा मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तांत्रिक रचना कशी असावी म्हणजे संमतीशिवाय पडदा दिसणारच नाही, आणि कर्मचाऱ्यांचा गमावलेला विश्वास परत मिळवण्यासाठी कामाची पद्धत कशी बदलावी? ज्यांनी आपल्या कार्यालयात हा प्रश्न प्रत्यक्ष हाताळला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जालप्रशासक (ठाणे) यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर बाब तो कायमचा पासवर्ड आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी. समोर माणूस बसतो अशा कोणत्याही संगणकावर विनाउपस्थिती प्रवेश, म्हणजे समोर कोणी नसतानाही जोडता येण्याची सोय, ठेवण्याचे कारण नाही. तो सर्व्हरसाठी, संगणक प्रयोगशाळेतील यंत्रांसाठी किंवा सूचनाफलकाच्या पडद्यासाठी ठीक आहे, कारण तिथे कोणाचे खासगी काम उघडे नसते. लिपिक, मुख्याध्यापक, ग्रंथपाल यांच्या टेबलावरच्या संगणकांवरचा पासवर्ड आजच काढून टाका आणि प्रत्येक जोडणीसाठी समोरच्या व्यक्तीने ‘स्वीकारा’ हे बटण दाबलेच पाहिजे अशी मांडणी करा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क या दूरनियंत्रणाच्या तिन्ही सॉफ्टवेअरांत हे करता येते. त्या मांडणीलाही प्रशासकीय पासवर्ड लावा, नाहीतर ती कोणीही पुन्हा बदलू शकेल. पुरवठादाराकडे पासवर्ड असण्याला पर्याय नसेल, तर निदान त्याच्या प्रत्येक माणसाला वेगळे खाते द्या. एकच पासवर्ड चौघांत फिरत असेल तर कोण जोडले गेले होते हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

विंडोजची स्वतःची सोय वापरायची असेल तर तिच्यातले भेद समजून घ्यावेत. साध्या रिमोट डेस्कटॉपने विंडोजच्या प्रो आवृत्तीला जोडले की समोरच्या माणसाचा पडदा कुलूपबंद होतो. आपल्या संगणकावर काय चालले आहे हे त्याला दिसतच नाही. त्यामुळे कर्मचाऱ्याला साहाय्य देण्यासाठी ती पद्धत मुळातच गैरसोयीची आहे. त्यापेक्षा ‘शॅडो’ पद्धतीत दोघांना एकच पडदा दिसतो. विंडोज 8.1 आणि सर्व्हर 2012 आर2 पासून ती नेहमीच्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅममधूनच वापरता येते. मात्र तिच्यात एक धोका दडलेला आहे. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवण्याच्या जागी) रिमोट डेस्कटॉप सेवांखाली, सत्रावर दूरनियंत्रण ठेवण्याच्या नियमांची एक नोंद आहे आणि रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या मांडण्या साठवते तिथे) तिची किंमत 0 ते 4 अशी असते. 0 म्हणजे दूरनियंत्रण पूर्ण बंद. 1 म्हणजे परवानगी घेऊन पूर्ण नियंत्रण आणि 2 म्हणजे परवानगीशिवाय पूर्ण नियंत्रण. 3 म्हणजे परवानगी घेऊन केवळ पाहणे आणि 4 म्हणजे परवानगीशिवाय पाहणे. किंमत 4 असेल तर कर्मचाऱ्याला काहीही न कळता त्याचा पडदा पाहता येतो. आपल्या संस्थेत ती 1 किंवा 3 असावी, आणि ती कोणी 2 किंवा 4 केली तर ते लक्षात यावे यासाठी महिन्यातून एकदा तपासणी करावी. शॅडोच्या नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टर्मिनल सर्व्हिसेसच्या कार्यनोंदीत राहतात. नुसते पाहणे सुरू झाले की 20503 आणि नियंत्रण घेतले की 20506 हा क्रमांक दिसतो.

डोमेन (सर्व संगणक एका सर्व्हरवरून सांभाळण्याची व्यवस्था) नसलेल्या लहान शाळांसाठी मी क्विक असिस्ट हे विंडोजचे साहाय्य-साधन सुचवेन. मायक्रोसॉफ्टने ते 2016 मध्ये विंडोज 10 मध्ये आणले. त्यात मदत करणाऱ्याने मिळवलेला संकेतांक समोरच्याने स्वतः टाइप करावा लागतो, त्यानंतर परवानगीचा प्रश्न येतो आणि ‘केवळ पाहणे’ व ‘नियंत्रण घेणे’ हे टप्पे वेगळे राहतात. सत्र संपले की मागे कोणताही पासवर्ड उरत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉपच्या साहाय्य-सत्रातही संकेतांक एकदाच चालतो आणि दर 30 मिनिटांनी ‘अजून पडदा दाखवायचा आहे का’ असे वापरकर्त्याला विचारले जाते. ही दुसरी सोय मला फार मोलाची वाटते, कारण दहा मिनिटांसाठी दिलेली संमती दिवसभर चालू राहणे हेच बहुतेक तक्रारींचे मूळ असते. स्वतःचा सर्व्हर ठेवण्याची तयारी असेल तर मेशसेंट्रल हे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर पाहा. त्यात गटागटाने असे ठरवता येते की जोडणीपूर्वी विचारावे, जोडणी झाल्याची सूचना द्यावी, आणि जोडणी चालू असेपर्यंत पडद्याच्या वरच्या कडेला एक ठळक पट्टी दिसत राहावी. त्या पट्टीवरून वापरकर्ता जोडणी तोडूही शकतो.

एका गोष्टीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, ती म्हणजे क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो ती जागा. बहुतेक साधनांत दोन्ही बाजूंचा क्लिपबोर्ड सामायिक असतो. कर्मचाऱ्याने सत्र चालू असताना एखादा पासवर्ड किंवा आधार क्रमांक कॉपी केला की तो तंत्रज्ञाच्या संगणकावरही जातो, आणि तिथे विंडोजचा क्लिपबोर्ड इतिहास चालू असेल तर नंतरही सापडतो. तंत्रज्ञाच्या मनात काही नसले तरी हे घडते. त्यामुळे क्लिपबोर्ड आणि फाइल हस्तांतरण मुळात बंद ठेवावे आणि गरज लागेल त्या सत्रापुरतेच सुरू करावे.

एक अनुभव सांगतो. विंडोजमध्ये प्रशासकीय परवानगीची खिडकी उघडली की क्विक असिस्टमधून मदत करणाऱ्याला पडदा काळा दिसतो. अनेक तंत्रज्ञ या सुरक्षित पडद्याला अडचण समजून तो कायमचा बंद करून टाकतात. तसे करू नका. त्या क्षणी तिथे पासवर्ड टाइप होत असतो आणि तो दूरच्या माणसाला न दिसणे हीच त्या रचनेची मूळ कल्पना आहे.

हिशेबनीस (कोल्हापूर) यांचे उत्तर

मी तंत्रज्ञ नाही. मी एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात काम करते आणि ज्यांच्या संगणकाचा रिमोट घेतला जातो त्यांच्यापैकी एक आहे. आपण ज्या लिपिक मॅडमविषयी लिहिले त्यांची बाजू मला फार जवळची वाटली, म्हणून लिहीत आहे.

माझ्या पडद्यावर काय असते ते आधी सांगते. वेतनपत्रकात केवळ पगाराचे आकडे नसतात. कोणाच्या पगारातून पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता जातो, कोणाची न्यायालयाच्या आदेशाने पोटगी कापली जाते, कोणी भविष्य निर्वाह निधीतून कोणत्या कारणासाठी रक्कम उचलली, हे सर्व एका ओळीत वाचता येते. माझा पडदा अचानक पाहिला गेला तर माझ्यापेक्षा त्या सहकाऱ्यांचे अधिक नुकसान होते, आणि त्यांची संमती तर कोणी मागितलेलीच नसते. कार्यकारिणीच्या सदस्यांना हे अवश्य सांगा. संगणक संस्थेचा असेल, परंतु त्यातली माहिती शिक्षकांची, विद्यार्थ्यांची आणि पालकांची आहे. ती जपण्याची जबाबदारी संस्थेने माझ्यावर टाकलेली आहे आणि मला न विचारता कोणी ती पाहू लागले तर मी ती पार कशी पाडणार?

आमच्याकडे पूर्वी असेच चालत असे. नंतर आमच्या संगणक विभागातील एका सरांनी पद्धत बदलली आणि त्या बदलांतले काही आपल्याला उपयोगी पडतील. ते आधी कचेरीच्या क्रमांकावरून फोन करतात आणि पाच मिनिटे देतात. त्या वेळात मी उघडी पत्रके बंद करते, व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडते, सूचना बंद करते. सूचना फार महत्त्वाच्या आहेत. मी सर्व काही बंद केलेले असताना घरच्या गटातला एखादा निरोप पडद्याच्या कोपऱ्यात उमटला तर ते थांबवणे माझ्या हातात नसते. त्यानंतर डिजिटल स्वाक्षरीचा टोकन (संगणकाला लावायचे छोटे यूएसबी साधन) मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवते. हे कोणत्याही सूचनापत्रात लिहिलेले मी पाहिलेले नाही, पण ते सर्वांत आधी लिहायला हवे. टोकन लावलेला आणि पिन नुकताच टाकलेला असेल तर संगणकाचा ताबा असणारा माणूस माझ्या नावाने स्वाक्षरी करू शकेल, आणि कायद्याने ती माझीच स्वाक्षरी ठरेल.

सत्र चालू असताना फोन चालूच राहतो. ‘आता मी प्रिंटरची मांडणी उघडतो आहे’, ‘आता जुना ड्रायव्हर काढतो आहे’, असे ते बोलत राहतात. यामुळे मला दोनदा असे झाले की पुढच्या वेळी तीच अडचण मीच सोडवली. शक्य असेल तिथे ते नियंत्रण घेतच नाहीत. मला सांगतात आणि बाण मी हलवते. वेळ थोडा जास्त लागतो, हे खरे आहे.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. ‘आता नको’ असे म्हणण्याची मोकळीक कर्मचाऱ्याला हवी आणि त्याचे कारण विचारले जाऊ नये. कारण सांगावे लागले की खासगी गोष्ट तिथेच उघड होते. लिपिकाने नकार दिला म्हणून त्याच्या तक्रारीचा क्रमांक मागे जात असेल, तर परवानगीचा प्रश्न पडद्यावर विचारण्याला काही अर्थ राहत नाही, कारण सर्वजण निमूटपणे ‘स्वीकारा’ दाबतील आणि मनातून धास्तावलेलेच राहतील. सत्र संपले की ते संपल्याचे तंत्रज्ञाने तोंडी सांगावे आणि पडद्यावरची पट्टी गेली आहे ना हे कर्मचाऱ्याकडून पाहून घ्यावे. आमच्यातल्या अनेकांना जोडणी अजून चालू आहे की नाही हे ओळखता येत नाही, आणि ती शंका दिवसभर मनात राहते.

संगणक_विभाग (सातारा जिल्हा)

दोघांचेही मनापासून आभार. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलेला नव्हता. आमच्या मुख्याध्यापकांचे टोकन संगणकाला दिवसभर लावलेलेच असतात. आज सर्व शाळांना फोन करून ते काढून ठेवायला सांगितले.

एक पुढचा प्रश्न आहे. पुरवठादाराने प्रस्ताव दिला आहे की काम चालू असताना कर्मचाऱ्याचा पडदा काळा करण्याची आणि त्याचा कीबोर्ड व माउस बंद करण्याची सोय सुरू करावी, म्हणजे मध्येच कोणी काही दाबणार नाही आणि काम लवकर उरकेल. ‘गोपनीयता’ याच नावाखाली ही सोय सॉफ्टवेअरमध्ये दिसते, त्यामुळे कार्यकारिणीला ती चांगली वाटते आहे. त्याशिवाय, प्रत्येक सत्राचे चित्रीकरण ठेवण्याचीही त्यांची सूचना आहे. याबाबत आपले मत काय?

सेवा_अभियंता (पुणे) यांचे उत्तर

मी अनेक वर्षे दूरस्थ साहाय्य देणाऱ्या बाजूलाच काम करत आहे, तेव्हा या प्रस्तावामागची निकड मला समजते. तरीही आपण त्याला ठाम नकार द्यावा असे मी सांगेन.

पडदा काळा करण्याची सोय ज्या प्रसंगासाठी आहे तो वेगळा आहे. समजा मी घरून माझ्या कचेरीतल्या माझ्याच संगणकावर काम करतो आहे. तिथल्या रिकाम्या टेबलासमोरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझे काम दिसू नये म्हणून तिथला पडदा काळा असणे योग्य आहे. क्रोम रिमोट डेस्कटॉप आणि ॲपलच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये याच हेतूने पडदा झाकण्याची सोय आहे. तिथे संगणकाचा वापरकर्ता आणि दुरून जोडलेला माणूस एकच असतो. साहाय्याच्या सत्रात मात्र ही दोन वेगळी माणसे असतात. पडदा काळा केला की पाहण्याचा अधिकार पूर्णपणे अनोळखी माणसाकडे जातो आणि ज्याची माहिती आहे तोच आंधळा होतो. खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे पाहणाऱ्या त्या लिपिक मॅडमची काय अवस्था होईल याची कल्पना करा. बँक खाती रिकामी करणारे भामटे नेमकी हीच सोय वापरतात, कारण व्यवहार चालू असताना तो खातेदाराला दिसू नये एवढेच त्यांना हवे असते.

कामात व्यत्यय येतो ही तंत्रज्ञाची अडचण खरी आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे मोठी कामे, उदाहरणार्थ विंडोजचे अद्ययावतीकरण, कर्मचाऱ्याशी वेळ ठरवून आणि त्याने आपल्या खात्यातून बाहेर पडल्यावर करावीत. खात्यातून बाहेर पडल्यावर उघडी कागदपत्रेच उरत नाहीत, त्यामुळे पाहण्यासारखे काही राहत नाही. प्रशासकीय खात्यातून काम करा, पण पडदा मात्र उघडा ठेवा.

चित्रीकरणाबाबत माझे मत मिश्र आहे. वाद झाला तर चित्रीकरण कर्मचाऱ्याच्या बाजूनेही पुरावा ठरते, हे मी पाहिलेले आहे. परंतु क्षणभर पडद्यावर चमकलेले वेतनपत्रक त्यामुळे कायमचे साठवले जाते आणि त्या साठ्याची किल्ली कोणाकडे, हा नवा प्रश्न उभा राहतो. ते पुरवठादाराच्या सर्व्हरवर राहणार असेल तर नकोच. संस्थेकडे राहणार असेल तर सत्राच्या आरंभी कर्मचाऱ्याला तसे सांगावे, ठरावीक मुदतीनंतर ते पुसावे आणि पुसल्याची नोंद ठेवावी. माझ्या मते आपल्यासारख्या संस्थेला चित्रीकरणापेक्षा साधी लेखी नोंद पुरेशी आहे. कोण जोडले, केव्हा, कशासाठी, काय बदलले आणि केव्हा बाहेर पडले, एवढे पुरे. टीमव्ह्यूअर येणाऱ्या जोडण्यांची एक साधी मजकूर फाइल ठेवतो आणि एनीडेस्कमध्येही जोडण्यांचा माग ठेवणारी तशीच फाइल असते. लेखी नोंद त्या फाइलशी ताडून पाहता येते.

‘तंत्रज्ञ कशाला पाहील?’ असे आपल्या बैठकीत कोणी विचारले तर कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांचे काम सांगा. त्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅपटॉप दुरुस्तीसाठी वेगवेगळ्या दुकानांत दिले आणि आत गुपचूप नोंद ठेवली. अशा 16 दुरुस्त्यांपैकी निदान 6 ठिकाणी दुरुस्तीशी संबंध नसलेली खासगी माहिती उघडून पाहिली गेली होती आणि 2 ठिकाणी ती बाहेरच्या साधनावर उतरवूनही घेतली होती. हा अभ्यास प्रत्यक्ष दुरुस्तीचा आहे, दूरस्थ साहाय्याचा नाही, पण कोणी पाहत नाही असे वाटल्यावर काय होऊ शकते हे त्यातून कळते. माझ्या व्यवसायातील बहुतेक माणसे सरळ आहेत आणि अशा सरळ माणसालाही खोट्या संशयापासून वाचवणारी गोष्ट म्हणजे समोरच्याला सतत दिसणारा पडदा.

विधी_अभ्यासक (नागपूर) यांचे उत्तर

कार्यकारिणीच्या सदस्यांच्या मुद्द्यापुरते लिहितो. मालकी आणि गोपनीयता या भिन्न गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हे खरे आहे की या अधिनियमाच्या कलम 7 मध्ये रोजगाराशी संबंधित काही कारणांसाठी कर्मचाऱ्याच्या संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे, आणि सदस्य कदाचित तिचाच आधार घेतील. पण ती मुभा संस्थेला नुकसानीपासून वाचवणे यांसारख्या कारणांशी बांधलेली आहे. प्रिंटर दुरुस्त करताना एखाद्याच्या आजाराचा तपशील बाहेरच्या पुरवठादाराच्या नजरेस पडणे तिच्यात कसे बसवणार? शिवाय विद्यार्थ्यांची माहिती या मुभेत येतच नाही आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत हा अधिनियम अधिक कडक आहे. शाळेसाठी हा मुद्दा निर्णायक मानावा.

पुरवठादाराशी केलेल्या करारात गोपनीयतेचे कलम आहे का ते पाहा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 72-अ नुसार करारान्वये सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती, कोणाचे नुकसान व्हावे या हेतूने किंवा तसे होईल हे ठाऊक असताना, संमतीविना उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. करारात या कलमाचा उल्लेख असला की पुरवठादाराची माणसेही अधिक काळजीपूर्वक वागतात.

परदेशस्थ (टोरांटो) यांचे उत्तर

माझे आईवडील नाशिकला असतात आणि त्यांच्या लॅपटॉपची देखभाल मी इथून रिमोट घेऊन करते, म्हणून हा विषय माझ्या घरचाच आहे. आपल्या चर्चेत एक बाजू राहून गेली असे वाटते. न विचारता जोडण्याची सवय कर्मचाऱ्यांना लागली तर उद्या एखादा भामटा जोडला गेला तरी त्यांना वेगळे काही वाटणार नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना एनीडेस्कचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केले होते. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की एक टोळी आधी माणसाच्या पत्त्यावर निरर्थक ईमेलचा पूर आणते, मग ‘मी तुमच्या संगणक विभागातून बोलतो, तो पूर थांबवून देतो’ असा फोन करते आणि क्विक असिस्टमधून आत शिरून खंडणीचे सॉफ्टवेअर पेरण्याची वाट मोकळी करते. वर सुचवलेले चांगले साधनही अशा रीतीने वापरले जाते, हे शाळांना आवर्जून सांगा.

म्हणून आमच्या घरी नियम असा आहे की फोन आलेल्या माणसाला, तो मी असल्याचे सांगत असला तरी, संकेतांक द्यायचा नाही. फोन ठेवायचा आणि वहीत लिहिलेल्या माझ्या क्रमांकावर उलट फोन करायचा. आईने एकदा मलाच असे थांबवले आणि मला फार आनंद झाला. मी जोडलेली असताना बँकेचे कोणतेही पान उघडायचे नाही, मीही ते उघडायला सांगत नाही. बाबांच्या मोबाइलवर बँकेचे ॲप मला दुरून काळे दिसते, कारण अशी ॲप आपला पडदा इतरत्र दिसू देत नाहीत. मात्र ओटीपीचा एसएमएस वरच्या पट्टीत दिसू शकतो. अँड्रॉइड 15 पासून पडदा दाखवणे चालू असताना असे ओटीपी झाकले जातात, पण जुन्या मोबाइलवर ती सोय नाही. कचेरीतील लिपिकाचा मोबाइल संगणकाशी जोडलेला असेल तर त्याचे संदेश संगणकाच्या पडद्यावर येतात, तेव्हा ती जोडणीही सत्रापूर्वी बंद करायला सांगा.

संगणक_विभाग (सातारा जिल्हा)

सर्वांच्या मतांचा आधार घेऊन परिपत्रकाचा मसुदा तयार केला आहे. त्यातील मुख्य भाग इथे देतो, त्रुटी दिसल्या तर अवश्य सांगाव्यात.

‘दूरस्थ साहाय्यासाठी संगणक विभाग कचेरीच्या ठरलेल्या क्रमांकावरूनच फोन करील. शंका आल्यास कर्मचाऱ्याने फोन ठेवून त्याच क्रमांकावर उलट फोन करावा. जोडणीपूर्वी कर्मचाऱ्यास आपले काम बंद करण्यासाठी वेळ दिला जाईल. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन काढून ठेवल्याशिवाय जोडणी सुरू केली जाणार नाही. कर्मचाऱ्याने पडद्यावर मान्यता दिल्याशिवाय जोडणी होणार नाही आणि ती कोणत्याही क्षणी तोडण्याचा अधिकार त्याला राहील. नकाराचे कारण विचारले जाणार नाही. सत्र चालू असताना पडदा काळा केला जाणार नाही, कॅमेरा व मायक्रोफोन वापरला जाणार नाही, आणि फाइलींची देवाणघेवाण कर्मचाऱ्यास सांगूनच केली जाईल. प्रत्येक सत्राची नोंद नोंदवहीत केली जाईल.’

कायमचा पासवर्ड सर्व कार्यालयीन संगणकांवरून काढण्याचे काम सुरू केले आहे. प्रयोगशाळेतील संगणकांवर तो ठेवला आहे, मात्र बदलून. ज्या लिपिक मॅडमपासून हा विषय सुरू झाला त्यांना हा मसुदा आधी वाचायला दिला. त्यांनी ‘कोणत्याही क्षणी तोडण्याचा अधिकार’ या वाक्यापुढे, तो कसा वापरायचा हे चित्रासह छापावे, अशी सूचना केली आणि ती मी स्वीकारली आहे. पडदा काळा करण्याच्या प्रस्तावाला कार्यकारिणीने नकार दिला. चित्रीकरणाचा निर्णय पुढच्या बैठकीत होईल.

हिशेबनीस (कोल्हापूर)

मसुदा वाचून समाधान वाटले. एकच बदल सुचवते. नोंदवही संगणक विभागाकडे न ठेवता प्रत्येक शाळेत, लिपिकाच्या टेबलावर ठेवा आणि नोंद कर्मचाऱ्याने स्वतःच्या हाताने करावी. महिन्याच्या शेवटी ती आपल्याकडच्या जोडण्यांच्या फाइलशी ताडून पाहा. फाइलमध्ये आहे पण वहीत नाही अशी एखादी जोडणी सापडली, तर त्याच दिवशी त्या शाळेला कळवा.

जालप्रशासक (ठाणे)

सहमत. ताडून पाहण्याचे काम मात्र पुरवठादाराकडे देऊ नका. आणि प्रयोगशाळेच्या संगणकांवर शिक्षक कधी आपली खाती उघडतात का, तेही एकदा विचारून घ्या. उघडत असतील तर तिथलाही कायमचा पासवर्ड काढावा लागेल.